सापेक्षता सिद्धांतावरील वाद आणि ‘स्यात्’ची शिस्त

(पर्युषण पर्व व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे लिखित रूप)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात भौतिकशास्त्रातील एका वादाचा विषय व्याख्यानासाठी का घेतला जावा, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण असे की, जैन समाजाच्या सभांतून, पाठशाळांतून आणि स्मरणिकांतून एक विधान वर्षानुवर्षे फिरत आले आहे. भगवान महावीरांनी अडीच हजार वर्षांपूर्वी स्याद्वादातून जे सांगितले तेच आइनस्टाइनने सापेक्षता सिद्धांतातून सिद्ध केले, असे ते विधान. ते ऐकून अभिमान वाटतो आणि सभागृहात टाळ्याही पडतात. परंतु पन्नास वर्षे पूर्ण होताना संस्थेच्या वह्या उघडून प्रत्येक नोंद जशी पावतीशी ताडून पाहिली जाते, तशी ही नोंदही एकदा ताडून पाहणे उचित ठरेल. सत्याला महाव्रताचे आणि अणुव्रताचे स्थान देणाऱ्या समाजाने हातात न आलेली रक्कम जमेस धरू नये.

संदर्भचौकट म्हणजे काय?

वादाचा आरंभ समजण्यासाठी प्रथम गॅलिलिओकडे जावे लागते. १६३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादग्रंथात त्याने एका जहाजाची कल्पना मांडली. जहाजाच्या तळघरातील बंद खोलीत फुलपाखरे उडत आहेत, भांड्यात मासे पोहत आहेत, टांगलेल्या भांड्यातून पाण्याचे थेंब खाली पडत आहेत. जहाज नांगरलेले असो वा शांत समुद्रावर एकसारख्या वेगाने चाललेले असो, खोलीतील माणसाला या हालचालींत काहीही फरक आढळणार नाही. तात्पर्य असे की, ‘वस्तू चालते आहे’ हे विधान अपुरे आहे. कोणाच्या अपेक्षेने चालते, हे सांगितल्यावरच ते पूर्ण होते. ज्याच्या अपेक्षेने मोजमाप करावयाचे, त्याला भौतिकशास्त्रात संदर्भचौकट म्हणतात. काठ ही एक चौकट, जहाज ही दुसरी.

१८६० च्या दशकात मॅक्सवेलने प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर असल्याचे दाखवले आणि त्याच्या समीकरणांतून प्रकाशाचा वेगही निघाला. आता पेच निर्माण झाला. हा वेग कोणाच्या अपेक्षेने? ध्वनीला हवा लागते, पाण्यावरील लाटेला पाणी लागते. त्याप्रमाणे प्रकाशालाही माध्यम असलेच पाहिजे, असे मानून त्या अदृश्य माध्यमाला ‘ईथर’ हे नाव देण्यात आले. प्रकाशाचा वेग ईथरच्या अपेक्षेने आहे, असे उत्तर एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी दिले.

तसे असेल तर पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरत असताना ईथरचा ‘वारा’ जाणवला पाहिजे. तो शोधण्यासाठी १८८७ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मायकेलसन आणि मोर्ले यांनी पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी शिळेवर आपले उपकरण उभारले. प्रकाशाचा एक किरण दुभंगून परस्परांशी काटकोनात असलेल्या दोन वाटांनी पाठवायचा, पुन्हा एकत्र आणायचा आणि शिळा फिरवीत दोन्ही वाटांच्या वेळांत काही फरक पडतो का ते पाहायचे, अशी ती योजना होती. नदीच्या प्रवाहाच्या दिशेने जाऊन परतणारा आणि प्रवाह आडवा कापून परतणारा असे दोन पोहणारे एकाच वेळी परतत नाहीत, हे तत्त्व त्यामागे होते. अपेक्षित फरक सापडला नाही.

वाद येथूनच सुरू झाला. आयर्लंडचा फिट्झजेराल्ड आणि हॉलंडचा लोरेंत्झ यांनी असे सुचवले की, गतीच्या दिशेने वस्तूंची लांबीच किंचित आकुंचन पावते, म्हणून वारा असूनही दिसत नाही. १९०५ साली बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या आइनस्टाइनने निराळी वाट धरली. एकसारख्या वेगाने चालणाऱ्या सर्व चौकटींत निसर्गाचे नियम सारखेच आहेत, हे त्याचे पहिले गृहीत. प्रकाश देणारा दिवा स्थिर असो वा चालता असो, निर्वातातील प्रकाशाचा वेग प्रत्येक चौकटीत तोच भरतो, हे दुसरे. ही दोन्ही मान्य केली की ईथरची गरजच उरत नाही. मात्र त्याचे मोल म्हणून ‘एकाच वेळी’ या शब्दांचा अर्थ बदलावा लागतो.

काय सापेक्ष आणि काय अचल?

आइनस्टाइनने सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात दिलेले आगगाडीचे उदाहरण येथे उपयोगी पडते. धावत्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाशी विजा पडल्या. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्यावर रुळांशेजारी उभ्या असलेल्या माणसाला दोन्हींचा प्रकाश एकदम दिसला, म्हणून तो म्हणतो की विजा एकाच वेळी पडल्या. गाडीच्या मध्यभागी बसलेला प्रवासी पुढच्या प्रकाशाकडे सरकत असल्याने त्याला पुढची वीज आधी दिसते. तोही दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर आहे आणि त्याच्या चौकटीतही प्रकाशाचा वेग दोन्ही दिशांना तोच आहे. म्हणून पुढची वीज आधी पडली, असा त्याचा निष्कर्ष निघतो. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही, कोणाची नजर अधू नाही आणि कोणाचे घड्याळ बिघडलेले नाही.

परंतु ‘सगळेच सापेक्ष आहे’ हा यातून निघणारा अर्थ नव्हे. काल आणि अंतर यांची मोजमापे चौकटीनुसार बदलतात, हे खरे. पण ती ठरलेल्या नियमाने बदलतात, आणि प्रकाशाचा वेग सर्वांना एकच मिळतो. दोन घटनांमधील काल आणि अंतर एका विशिष्ट रीतीने एकत्र घेतले, तर निघणारी राशीही प्रत्येक चौकटीत तीच राहते; हे १९०८ साली मिंकोवस्कीने स्पष्ट केले.

म्युऑन नावाच्या सूक्ष्म कणाचे उदाहरण पाहावे. हे कण पृथ्वीपासून सुमारे १५ किलोमीटर उंचीवर, वातावरणात निर्माण होतात. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यांतील सुमारे २.२ भाग एवढेच त्यांचे सरासरी आयुष्य. प्रकाशाच्या वेगाने धावले तरी एवढ्या वेळात सुमारे ६६० मीटरच अंतर कापले जाईल. तरीही ते मोठ्या संख्येने जमिनीपर्यंत पोहोचतात. पृथ्वीच्या चौकटीतून सांगायचे तर वेगामुळे म्युऑनचे घड्याळ मंद चालते आणि त्याचे आयुष्य लांबते. म्युऑनच्या चौकटीतून सांगायचे तर आयुष्य तेवढेच आहे, पृथ्वीपर्यंतचे अंतर आखूड झाले आहे. कारणे दोन सांगितली जातात. कण जमिनीवर पोहोचला, या घटनेविषयी मात्र मतभेद नाही. जिनेव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत १९७७ साली वर्तुळाकार मार्गावर फिरवलेल्या म्युऑनचे आयुष्य सुमारे २९ पट लांबलेले आढळले, आणि सिद्धांताने वर्तवलेला आकडाही तोच होता.

प्रामाणिक विरोधक आणि दुसरे विरोधक

नवा विचार आला की विरोध येणारच. या सिद्धांताच्या विरोधकांकडे पाहिले तर त्यांत दोन प्रकार दिसतात.

वाल्टर रिट्झ याने १९०८ साली असे मांडले की, बंदुकीच्या गोळीप्रमाणे प्रकाशाच्या वेगातही दिव्याचा वेग मिळवला पाहिजे. हे म्हणणे तपासता येण्यासारखे होते आणि ते तपासले गेले. १९१३ साली डी सिटरने परस्परांभोवती फिरणाऱ्या जोडताऱ्यांकडे बोट दाखवले : रिट्झचे म्हणणे खरे असते तर त्यांच्या भ्रमणाचे चित्र विस्कळीत दिसले असते. १९६४ साली सर्नमध्ये प्रकाशाच्या ९९.९७ टक्क्यांहून अधिक वेगाने धावणाऱ्या कणांतून बाहेर पडलेल्या किरणांचा वेग मोजला गेला. तो दुप्पट भरला नाही, नेहमीचाच भरला.

डेटन मिलर याने माऊंट विल्सनवर १९२५-२६ मध्ये हजारो निरीक्षणे घेऊन ईथरचा वारा सापडल्याचा दावा केला. त्याच्या हयातीत त्या आकड्यांचा पूर्ण उलगडा झाला नाही. त्याच्या निधनानंतर, १९५५ साली, त्याचाच जुना विद्यार्थी शँकलँड याने सहकाऱ्यांसह ते आकडे पुन्हा तपासले आणि तापमानातील लहानसहान फरकांना त्याचे कारण ठरवले. आकडे कोणी लपवले नव्हते, म्हणूनच हे शक्य झाले.

फ्रेंच तत्त्वज्ञ हेन्री बर्गसाँ आणि आइनस्टाइन ६ एप्रिल १९२२ रोजी पॅरिसमध्ये समोरासमोर आले. मनुष्य अंतर्यामी अनुभवतो तोच खरा काल, घड्याळातील काल ही केवळ मोजणी, असे बर्गसाँचे प्रतिपादन होते. या वादाचा उल्लेख त्याच वर्षीच्या नोबेल समारंभातील भाषणातही झाला. आइनस्टाइनला ते पारितोषिक सापेक्षतेसाठी मिळाले नाही. प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमासाठी मिळाले.

दुसऱ्या प्रकारचे उदाहरण फिलिप लेनार्ड याचे. तो स्वतः नोबेल विजेता होता. त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होते. पण पुढे त्याचा विरोध सिद्धांतावरून सिद्धांत मांडणाऱ्याच्या जन्मावर घसरला. आइनस्टाइन यहुदी, म्हणून त्याचे भौतिकशास्त्र ‘यहुदी’ आणि म्हणून त्याज्य, अशी ती मांडणी होती. १९३३ नंतर जर्मनीत तिला राजसत्तेचा आधार मिळाला आणि आइनस्टाइनला मायदेश कायमचा सोडावा लागला. कोण बोलतो याकडे पाहून काय बोलतो ते नाकारणे ही वैचारिक हिंसाच होय.

डिंगल यांचा आक्षेप आणि स्याद्वादाचे उत्तर

या सर्वांत जैन श्रोत्याला सर्वाधिक जवळचा वाटावा असा वाद ब्रिटिश शास्त्रज्ञ हर्बर्ट डिंगल यांचा. हे गृहस्थ अडाणी नव्हते. त्यांनी स्वतः सापेक्षतेवर पुस्तके लिहिली होती आणि १९५१ ते १९५३ या काळात ते रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. पुढे त्यांचे मत पालटले आणि १९७२ साली त्यांनी या सिद्धांताविरुद्ध ग्रंथच प्रसिद्ध केला. त्यांचा प्रश्न साधा होता. ‘अ’च्या मते ‘ब’चे घड्याळ मंद आणि ‘ब’च्या मते ‘अ’चे घड्याळ मंद. दोन्ही घड्याळे एकमेकांपेक्षा मंद कशी असू शकतील?

याच स्वरूपाचा आक्षेप स्याद्वादावर फार पूर्वी घेतला गेला होता. आद्य शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात असे म्हटले की, एकाच वस्तूच्या ठिकाणी परस्परविरुद्ध धर्म एकाच वेळी संभवत नाहीत. जैन आचार्यांचे उत्तर असे की, एकाच अपेक्षेने कोणीही तसे म्हटलेले नाही. स्वद्रव्य, स्वक्षेत्र, स्वकाल आणि स्वभाव यांच्या अपेक्षेने वस्तू ‘आहे’. परद्रव्य, परक्षेत्र, परकाल आणि परभाव यांच्या अपेक्षेने ती ‘नाही’. अपेक्षा गाळली की विरोध दिसतो, अपेक्षा सांगितली की तो मावळतो.

डिंगल यांना मिळालेले उत्तर याच वळणाचे होते. ‘ब’चे एक घड्याळ ‘अ’च्या चौकटीत निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेल्या दोन घड्याळांजवळून जाते, आणि ती दोन घड्याळे परस्परांशी जुळवलेली आहेत असे ‘अ’ मानतो. ‘ब’च्या चौकटीत मात्र ती जुळलेलीच नसतात, कारण ‘एकाच वेळी’ याचा अर्थ दोघांचा निराळा आहे. म्हणजे दोन विधाने दोन वेगवेगळ्या तुलनांची आहेत. दोन्हींतून अपेक्षा खोडून ती शेजारी-शेजारी ठेवली, म्हणून विसंगती दिसली. निसर्गानेही साक्ष दिली. १९७१ साली हाफेले आणि कीटिंग यांनी अणुघड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली. पूर्वेकडे गेलेली घड्याळे जमिनीवरील घड्याळांपेक्षा सुमारे ५९ नॅनोसेकंदांनी मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ नॅनोसेकंदांनी पुढे गेली. वेग आणि उंची या दोन्हींचा परिणाम धरून केलेल्या गणिताशी हे निष्कर्ष, मापनातील अनिश्चिततेच्या मर्यादेत, जुळले.

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे. ‘स्यात्’ म्हणजे ‘कथंचित्’, अमुक एका अपेक्षेने. हा शब्द विधानाला ढिले करीत नाही, पक्के करतो. ‘कापड स्वस्त आहे’ हे बोलणे झाले. ‘अमुक पन्ह्याचे, अमुक सुताचे कापड, आजच्या तारखेला, ठोक भावात, मीटरमागे अमुक रुपये’ हे विधान झाले. त्यावर सौदा होतो आणि ते खोटे ठरल्यास जाबही विचारता येतो. सापेक्षता सिद्धांताने भौतिकशास्त्राला हीच शिस्त लावली.

अजून शिल्लक असलेला प्रश्न

सगळे वाद मिटले आहेत असे मात्र नाही. प्रकाशाच्या वेगाचे मापन साधारणपणे जाऊन-येऊन होते : किरण आरशापर्यंत गेला, परत आला, एकाच घड्याळाने वेळ मोजली. केवळ जाण्याचा वेग मोजायचा तर दोन ठिकाणी दोन घड्याळे हवीत, ती जुळवलेली हवीत, आणि जुळवण्यासाठी पुन्हा प्रकाशाचा वेग गृहीत धरावा लागतो. सोलापूरहून अहमदाबादच्या आडत्याला पत्र टाकले आणि दहाव्या दिवशी उत्तर आले. तर जायला पाच आणि यायला पाच दिवस लागले, हे कशावरून? आइनस्टाइनने १९०५ च्या निबंधातच जाण्या-येण्याचा काल समान धरणे ही व्याख्या असल्याचे स्पष्ट लिहिले होते. हा केवळ संकेत की निसर्गातील वस्तुस्थिती, यावर तत्त्वज्ञ रायकेनबाख यांच्यापासून आजपर्यंत चर्चा चालू आहे. जाऊन-येऊन होणाऱ्या वेगाविषयी मात्र संशयाला जागा उरलेली नाही. २००९ साली बर्लिन येथे झालेल्या प्रयोगात निरनिराळ्या दिशांना होणारी तुलना एकावर सतरा शून्ये एवढ्या सूक्ष्मतेपर्यंत नेली गेली. दिशेनुसार फरक आढळला नाही.

हा वेग आता दुकानाच्या गल्ल्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. १९८३ पासून मीटरची व्याख्याच प्रकाशावर बेतलेली आहे. निर्वातात प्रकाश एका सेकंदात २९,९७,९२,४५८ मीटर जातो, असे धरून मीटर ठरवला जातो. तागा मोजणारी मीटरपट्टी शेवटी त्या किरणाशी बांधलेली आहे. गिऱ्हाईक बदलले, दुकान बदलले तरी माप बदलू नये, हा व्यापाराचा धर्म निसर्गाने प्रकाशाकडे सोपवला आहे, असे म्हणता येईल.

चूक कशी हाताळावी याचाही एक धडा येथे घेण्यासारखा आहे. सप्टेंबर २०११ मध्ये ‘ऑपेरा’ प्रयोगातील शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, सर्नपासून इटलीतील ग्रान सासोपर्यंत सुमारे ७३० किलोमीटर गेलेले न्यूट्रिनो कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचलेले दिसतात. त्यांनी विजयाचे ढोल वाजवले नाहीत. आमच्या मापनातील दोष शोधा, असे जगाला आवाहन केले. २०१२ मध्ये दोष सापडला : एक प्रकाशतंतूची केबल नीट बसलेली नव्हती. तो तितक्याच उघडपणे सांगितला गेला.

साम्य कोठपर्यंत?

आता आरंभीच्या विधानाकडे वळावे. स्याद्वाद आणि सापेक्षता यांच्यात विचारपद्धतीचे साम्य आहे, हे वरील विवेचनावरून दिसते. परंतु साम्य म्हणजे एकरूपता नव्हे. स्याद्वाद हा विधान कसे करावे याचा विचार आहे. सापेक्षता हा काल, अंतर आणि प्रकाश यांच्या मापनाचा गणिती सिद्धांत आहे. सप्तभंगीतून प्रकाशाच्या वेगाचा आकडा निघत नाही आणि आइनस्टाइनच्या समीकरणांतून आत्मकल्याणाचा मार्ग निघत नाही.

दोन्ही वह्या एकत्र केल्या की काय होते, याचे उदाहरण समोर आहे. गतीला साहाय्य करणारे ‘धर्मास्तिकाय’ हे द्रव्य म्हणजेच विज्ञानातील ईथर, असे गेल्या शतकात काही उत्साही लेखकांनी प्रतिपादन केले. १९०५ नंतर त्याच ईथरची भौतिकशास्त्राला गरज उरली नाही. मग धर्मास्तिकायाचे काय म्हणायचे? तसेच, परमाणू एका समयात लोकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चौदा राजू, जाऊ शकतो, असे आगमपरंपरा सांगते. ज्या सिद्धांतात कोणतीही वस्तू प्रकाशाला मागे टाकू शकत नाही, त्या सिद्धांताने जैन शास्त्र ‘सिद्ध’ केले असे म्हणणाऱ्याने या ठिकाणी काय उत्तर द्यावे? सोयीचे तेवढे जुळवून घ्यायचे आणि गैरसोयीचे झाकायचे, हा एकान्त आहे. अनेकान्ताच्या नावाखाली केलेला असला तरी एकान्तच.

खरी आदराची वाट ज्यांनी दाखवली, त्यांत प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे नाव अग्रभागी येते. १९२० साली मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी आइनस्टाइन व मिंकोवस्की यांच्या निबंधांचा इंग्रजी अनुवाद केला, तो कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केला आणि त्याला ऐतिहासिक प्रस्तावना महालनोबिस यांची होती. म्हणजे सापेक्षता त्यांना आतून ठाऊक होती. याच महालनोबिस यांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या तात्त्विक पायाविषयी लिहिताना स्याद्वादाचा गंभीरपणे विचार केला. १९५७ साली प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनीही सप्तभंगीवर स्वतंत्र निबंध लिहिला. दोघेही जन्माने जैन नव्हते. त्यांनी विचारांची सांगड घातली. कोणाची मालकी कोणावर लादली नाही.

धर्मप्रेमी बंधू-भगिनींनो, जैन दर्शनाला आइनस्टाइनच्या प्रशस्तिपत्राची गरज नाही आणि आइनस्टाइनच्या सिद्धांताला आगमांच्या आधाराची गरज नाही. समाजाने अभिमान बाळगावा तो एका शिस्तीचा : बोलण्यापूर्वी स्वतःची अपेक्षा सांगावी, समोरच्याची अपेक्षा विचारावी आणि मगच तो चुकला की नाही ते ठरवावे. पाठशाळेतील मुलांना यापुढे ‘आइनस्टाइनने आमचेच सांगितले’ हे वाक्य पाठ करून घेण्यापेक्षा आगगाडीचे आणि म्युऑनचे उदाहरण समजावून द्यावे, आणि त्यासोबत ‘स्यात्’चा खरा अर्थ सांगावा. ती मुले विज्ञानही नीट शिकतील आणि धर्मही. घराघरांत, भावाभावांत, पंथापंथांत आणि मंदिरांच्या विश्वस्त मंडळांतही जे तंटे वर्षानुवर्षे चालतात, त्यांतील कितीतरी तंटे रुळांशेजारचा माणूस आणि गाडीतील प्रवासी यांच्या भांडणासारखे असतात. दोघांनी आपापली जागा सांगितली, तर कोठे मतभेद आहे आणि कोठे खरोखर असत्य आहे, हे वेगळे काढता येईल. सुवर्णमहोत्सवानंतरच्या पन्नास वर्षांसाठी संस्थेच्या वहीत ही एक नोंद जमेस पडावी.

जय जिनेंद्र.